फॉरमॅट न मारता विंडोज ११: डीटीपीच्या मशीनवरचं काम जपून कसं न्यावं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे असंच मशीन असलेल्या इतरांनाही उत्तर वापरता येईल. तुमचं डीटीपी (संगणकावर छपाईसाठी पानं मांडणं) आणि छपाईचं काम आहे. मशीन विंडोज १० चं, प्रोसेसर आय-फाइव्ह आठव्या पिढीचा, रॅम ८ जीबी, आणि १ टीबीची एकच हार्ड डिस्क, तिचे सी आणि डी असे दोन भाग. वर पेजमेकर, कोरल ड्रॉ, डोंगलवर (मशीनला लावायच्या परवाना-चावीवर) चालणारी मराठी फाँट-टायपिंगची श्रीलिपी आणि हिशेबासाठी टॅली. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, दिवाळी अंक असा अनेक वर्षांचा साठा त्यावर आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मायक्रोसॉफ्टच्या तपासणीत मशीन 'पात्र नाही' असं येतं, आणि दुरुस्तीवाला सांगतो की फॉरमॅट मारल्याशिवाय विंडोज ११ पडणार नाही. फाइल न जाता विंडोज ११ वर कसं जायचं, हा तुमचा प्रश्न.

फॉरमॅटची गरज नाही. आठव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत आहे. 'पात्र नाही' हे उत्तर बहुधा मशीनमुळे येत नसून मशीनवर सुरुवातीला विंडोज ज्या पद्धतीने टाकलं गेलं त्यामुळे येतंय, आणि ते डेटा न पुसता दुरुस्त होतं. त्यानंतर चालू विंडोजमधूनच अपग्रेड चालवलं की फाइल, प्रोग्राम, फाँट, प्रिंटर सगळं जागच्या जागी राहतं. फॉरमॅट दुरुस्तीवाल्याला सोपा पडतो, कारण तासाभरात मशीन मोकळं होतं. पुढे श्रीलिपी आणि टॅली पुन्हा उभी करण्याचा त्रास मात्र तुमच्या वाट्याला येतो.

तुमच्या प्रश्नात सगळा भर 'फाइल जाणार नाहीत ना' यावर आहे. तुमच्या धंद्यात तेवढ्याने भागत नाही. फाइल डिस्कवर आहे, पण उघडली तर वाचता येत नाही, ही अवस्था डीटीपीवाल्यांच्या बाबतीत फाइल हरवण्यापेक्षा जास्त वेळा येते. श्रीलिपी असो वा सी-डॅकची आयएसएम ही तशीच प्रणाली, युनिकोडपूर्व (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच कोड देणारी पद्धत येण्याआधीच्या) काळातल्या त्यांच्या फाँटमध्ये केलेल्या मजकुरात प्रत्यक्षात मराठी अक्षरं साठवलेलीच नसतात. साठवलेले असतात रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे कोड. त्या कोडांना मराठी रूप देतो तो फाँट. नेमका तोच फाँट मशीनवर नसेल, तर 'श्री गणेशाय नमः' च्या जागी कंस, आकडे आणि परदेशी अक्षरांचा चिखल दिसतो. वेगवेगळ्या कंपन्यांची अक्षरमांडणी वेगळी असते, आणि एकाच कंपनीच्या जुन्या-नव्या आवृत्त्यांतही ती बदलू शकते. म्हणून 'फाँट काय, नेटवरून घेऊ' या भरवशावर राहू नका. तुमच्या मशीनवर आज जे फाँट आहेत, तेच जपायला हवेत.

तेव्हा बॅकअपची सुरुवात फाँटपासून करा. सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरमधला फाँट्स फोल्डर पूर्ण कॉपी करून घ्या. पण तेवढ्यावर थांबू नका. विंडोज १० च्या २०१८ नंतरच्या आवृत्त्यांमध्ये फाँटवर डबल क्लिक करून 'इन्स्टॉल' दाबलं की तो अनेकदा फक्त त्या वापरकर्त्यापुरता बसतो, आणि त्याची फाइल वेगळ्या जागी जाते: तुमच्या युजर फोल्डरमधल्या 'ॲपडेटा' या लपलेल्या फोल्डरात, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फाँट्स अशा वाटेने. तिथले फाँट बहुतेकांच्या बॅकअपमधून सुटतात. फॉरमॅटनंतर 'निम्म्या पत्रिका नीट उघडतात, निम्म्या नाही' अशी तक्रार ऐकली की मी पहिल्यांदा तीच जागा विचारतो.

यानंतर फाइल. डी ड्राइव्हवर ठेवलं म्हणजे सुरक्षित, हा समज आपल्याकडे फार पक्का आहे आणि त्याने अनेकांचं नुकसान झालेलं आहे. सी आणि डी ही एकाच डिस्कवर आखलेली दोन नावं आहेत. डिस्क बिघडली तर दोन्ही जातात. फॉरमॅट मारताना पडद्यावर 'पार्टिशन १, २, ३' एवढंच दिसतं, सी-डी ही अक्षरं दिसतीलच असं नाही, आणि घाईत चुकीची ओळ निवडली की डी जातो. म्हणून डीसुद्धा पूर्ण कॉपी करायचा, फोल्डरची मांडणी जशीच्या तशी ठेवून. मांडणीचा आग्रह पेजमेकरसाठी आहे. मोठी चित्रं तो बरेचदा फाइलच्या आत घेत नाही, फक्त ती कुठे आहेत तो पत्ता लिहून ठेवतो. उद्या ड्राइव्हचं अक्षर किंवा फोल्डरचं नाव बदललं की अहवालातले सगळे फोटो 'सापडत नाहीत' म्हणून येतील.

सी ड्राइव्हवरचा डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स विसरू नका. ग्राहकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेले फोटो आणि मजकूर बहुधा डाउनलोड्समध्येच पडून असतात. आउटलुक वापरत असाल तर त्याची पीएसटी (मेल साठवणारी) फाइल शोधून घ्या. ब्राउझरमधले पासवर्ड आणि कोरलमधल्या तुमच्या खास रंगपट्ट्याही उचला. डेस्कटॉपवरच्या आयकॉनजवळ ढगाचं चिन्ह दिसत असेल तर ते फोल्डर वनड्राइव्हने आपल्याकडे वळवून घेतलेत. तिथे फुकट जागा फक्त ५ जीबी असते, आणि काही फाइल केवळ ऑनलाइन असू शकतात. आधी त्या मशीनवर उतरवून मगच कॉपी करा.

टॅलीचा फोल्डर नुसता कॉपी करू नका. टॅलीमध्ये जाऊन तिचा स्वतःचा बॅकअप घ्या, सगळ्या कंपन्यांचा. तो तपासताना रिस्टोअरसाठी वेगळा रिकामा फोल्डर द्या, नाहीतर चालू वर्षाच्या नोंदींवरच जुना बॅकअप बसेल. डिस्क बदलणार असाल किंवा काही कारणाने फॉरमॅट मारावाच लागला, तर आधी टॅलीचं लायसन्स सरेंडर करा आणि नंतर नव्याने चालू करा. लायसन्स त्या मशीनला बांधलेलं असतं.

कॉपी दोन हव्यात: एक एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर, दुसरी दुकानाबाहेर, घरी ठेवलेल्या डिस्कवर किंवा क्लाउडवर. कॉपी झाली की एक्स्टर्नल डिस्क काढून ठेवा. सतत जोडलेली डिस्क हा बॅकअप नव्हे; मशीनमध्ये खंडणीचा व्हायरस शिरला तर तो जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलींनाही कुलूप लावतो.

आणि बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून बघितल्याशिवाय झाला असं समजू नका. शेजारच्या मित्राच्या मशीनवर एक सगळ्यात जुनी पत्रिका, एक सगळ्यात मोठा अहवाल आणि एक कालचं काम उघडा, सोबत नेलेले फाँट टाकून. काही फाँट डोंगलशिवाय किंवा श्रीलिपीशिवाय चालत नसतील, तर ते इथेच कळेल, आणि आत्ता कळलेलं बरं. महत्त्वाच्या जुन्या कामांच्या फाँट आत घेतलेल्या पीडीएफही याच वेळी करून ठेवा. ज्या मजकुराची पुन्हा गरज लागणार आहे, म्हणजे दरवर्षीचे अहवाल, संस्थांच्या घटना, नियमावली, तो हळूहळू युनिकोडमध्ये आणा. रूपांतराची साधनं आहेत, पण जोडाक्षरं आणि रफार बिघडतात. रूपांतरानंतर मुद्रितशोधन करावंच लागतं.

आता मशीनकडे वळू. सगळ्यात आधी डिस्कची तब्येत. क्रिस्टल डिस्क इन्फो हा छोटा मोफत प्रोग्राम चालवा. निळं 'गुड' दिसलं तर पुढे चला. पिवळं 'कॉशन' किंवा लाल 'बॅड' असेल तर अपग्रेडचा विचार बाजूला ठेवून आधी डेटा उतरवा. अपग्रेडमध्ये डिस्कवर तासन्‌तास वाचन-लेखन चालतं आणि थकलेली डिस्क नेमकी तेव्हा मान टाकते.

मशीन 'पात्र नाही' का येतंय, ते असं. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते, आणि मशीन जुन्या 'लेगसी' पद्धतीऐवजी 'यूईएफआय' पद्धतीने सुरू होणारं, सिक्युअर बूटची सोय असलेलं लागतं. आठव्या पिढीच्या इंटेल मशीनमध्ये टीपीएमचं काम मशीनमधलीच अंगभूत सोय करते. तिचं नाव पीटीटी. असेंबल केलेल्या मशीनमध्ये ती बहुतेक वेळा बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या, मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) बंदच असते. एएमडीच्या मशीनवर हेच नाव एफटीपीएम असं दिसेल. दुसरी गोष्ट: त्या काळात अनेक असेंबलरांनी जुन्या सवयीने विंडोज लेगसी पद्धतीने टाकलं, त्यामुळे डिस्कचा आराखडा 'एमबीआर' प्रकारचा झाला. यूईएफआयला 'जीपीटी' प्रकारचा आराखडा लागतो. रन उघडून 'एमएसइन्फो३२' (msinfo32) चालवा. 'बायोस मोड' पुढे 'लेगसी' असं दिसलं तर तुमचा अडसर सापडला.

इथेच दुरुस्तीवाला फॉरमॅट सांगतो. पण एमबीआरचा जीपीटी करणारं मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं साधन २०१७ पासून विंडोज १० मध्येच आहे, त्याचं नाव 'एमबीआर-टू-जीपीटी' (mbr2gpt). ते फाइलींना हात लावत नाही, फक्त डिस्कचा आराखडा नव्याने लिहितं. त्याची 'व्हॅलिडेट' ही चाचणी आधी चालवा; तिने काहीच बदलत नाही, बदल शक्य आहे की नाही एवढंच कळतं. चाचणी अडली तर कारण बहुधा पार्टिशनमध्ये असतं: प्राथमिक पार्टिशन जास्तीत जास्त तीन चालतात आणि 'लॉजिकल' प्रकारचं एकही चालत नाही. तुमच्याकडे विंडोजचं छोटं राखीव पार्टिशन, सी आणि डी असे तीनच असतील तर बसतं. ज्यांच्याकडे ई आणि एफसुद्धा आहेत त्यांचं अडतं, कारण चौथ्यापासूनचे भाग सहसा लॉजिकल असतात. मग त्यांचा डेटा बाहेर काढून ते भाग आधी काढावे लागतात.

क्रम चुकवू नका. आधी रूपांतर, मग लगेच बायोसमध्ये जाऊन लेगसी किंवा सीएसएम (लेगसी पद्धत चालवणारी सोय) बंद करून यूईएफआय चालू. रूपांतर करून बायोस तसाच ठेवला, किंवा रूपांतराआधीच बायोस बदलला, तर मशीन काळ्या पडद्यावर थांबतं. अनेकजण इथे घाबरून फॉरमॅट मारतात. डेटा आत शाबूत असतो, फक्त बायोसची ती एक नोंद बदलायची असते. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर बायोसला हात लावण्याआधी ते 'सस्पेंड' करा आणि ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून मशीनपासून वेगळी ठेवा. ती की नसेल तर डेटा परत मिळवणं कोणाच्याही हातात नाही.

आता माझा आग्रह. तुमची डिस्क फिरणारी, जुनी आहे. एक नवी १ टीबी एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) घ्या. जुनी डिस्क तिच्यावर पूर्ण क्लोन करा, म्हणजे विंडोजसकट हुबेहूब उतरवा, जुनी काढून ठेवा, आणि वर सांगितलेलं रूपांतर, बायोस, अपग्रेड सगळं नव्या एसएसडीवर करा. काहीही बिघडलं तर बायोस पूर्वीसारखा करून जुनी डिस्क जोडली की दुकान पुन्हा चालू. एरवीही विंडोज ११ फिरणाऱ्या डिस्कवर इतकं संथ चालतं की तुम्हाला काही दिवसांत एसएसडी घ्यावीच लागेल. ती आधी घेतली तर वेगही मिळतो आणि परतीची वाटही. क्लोन करताना 'कुठून' आणि 'कुठे' या दोन रकान्यांत कंपनीचं नाव आणि मॉडेल वाचून खात्री करा. ते उलटं झालं तर रिकामी एसएसडी तुमच्या डेटावर कॉपी होईल. क्लोननंतर दोन्ही डिस्क एकत्र जोडून मशीन सुरू करू नका. दोघींची ओळख एकच असते, त्यामुळे विंडोज त्यातली एक ऑफलाइन करतं आणि गोंधळ होतो.

अपग्रेडचा दिवस विचार करून निवडा. लग्नसराईत किंवा दिवाळी अंकाच्या ऐन धावपळीत हात घालू नका. आषाढीनंतर पत्रिकांचं काम थंडावतं आणि अंकांची गडबड अजून सुरू व्हायची असते, ते आठवडे चांगले. दुरुस्तीसाठी वीज बंद असण्याचा वार टाळा. साधा यूपीएस काही मिनिटं तग धरतो, आणि हे काम एसएसडीवरही तासभर किंवा अधिक घेतं, त्यामुळे इन्व्हर्टरवर मशीन ठेवता आलं तर उत्तम. बाहेरचा अँटीव्हायरस असेल तर त्याची की लिहून ठेवून तो काढा. डोंगल, पेनड्राइव्ह, एक्स्टर्नल डिस्क सगळं उपसा. सी ड्राइव्हवर निदान ३०-४० जीबी मोकळी जागा ठेवा.

विंडोज ११ ची आयएसओ फाइल (सगळं सेटअप एकत्र असलेली फाइल) मायक्रोसॉफ्टच्या साइटवरूनच घ्या, कोणाच्या पेनड्राइव्हवरची नको. विंडोज १० चालू असतानाच तिच्यावर डबल क्लिक करून आतला 'सेटअप' चालवा. पेनड्राइव्हवरून मशीन बूट करून टाकायला गेलात तर फाइल आणि प्रोग्राम दोन्ही जागेवर ठेवण्याचा पर्याय मिळत नाही. पुढे 'काय ठेवायचं' हा पडदा येतो, आणि सगळ्या कामातला निर्णायक क्षण हाच. तिथे वैयक्तिक फाइल आणि ॲप्स दोन्ही ठेवण्याचा पहिला पर्याय निवडलेला हवा. तो पर्याय फिकट दिसत असेल, निवडता येत नसेल, तर पुढे जाऊ नका, सेटअप बंद करा. बहुधा भाषा जुळलेली नसते: मशीनवर अमेरिकन इंग्रजी आणि आयएसओ 'इंग्लिश इंटरनॅशनल' ची, किंवा उलट. जुळणारी आयएसओ घेतली की पर्याय उजळतो. मशीनवर प्रो असेल तर प्रोच टाका, होम असेल तर होम.

मशीन अनेकदा बंद-चालू होईल, टक्केवारी एकाच आकड्यावर बराच वेळ अडल्यासारखी वाटेल. पॉवरचं बटण दाबू नका. सेटअपला काही जमलं नाही तर तो सहसा स्वतःच विंडोज १० परत आणतो.

पहिल्यांदा विंडोज ११ दिसलं की नवीन काम घेण्याआधी तपासणी. डोंगल लावा. श्रीलिपी उघडत नसेल तर बहुधा डोंगलचा ड्रायव्हर जुना पडलाय, तो कंपनीकडून नवा घ्या. विंडोजच्या सुरक्षा-सेटिंगमधली 'कोअर आयसोलेशन' खालची 'मेमरी इंटिग्रिटी' चालू असेल तर जुने ड्रायव्हर ती अडवते. तिला बंद करणं हा शेवटचा उपाय ठेवा. मग त्याच तीन फाइल उघडा, ज्या मित्राच्या मशीनवर उघडल्या होत्या, आणि कागदावर प्रूफ काढून जुन्या छापील प्रतीशेजारी ठेवा. ओळी तुटण्यातला फरक पडद्यावर कळत नाही, कागदावर कळतो. टॅलीत ताळेबंद उघडून अपग्रेडआधीच्या आकड्याशी जुळवा. जीएसटीसाठी डिजिटल सहीचं टोकन वापरत असाल तर त्याची चाचणी रिटर्नच्या शेवटच्या तारखेची वाट न पाहता आजच करा.

काही पटलं नाही तर सेटिंग्जमधल्या रिकव्हरीत 'गो बॅक' ने विंडोज १० परत येतं, पण फक्त १० दिवस. त्यासाठी लागणारा 'विंडोज-ओल्ड' हा फोल्डर नंतर आपोआप पुसला जातो. ही मुदत विंडोजच्या 'डिझम' (DISM) या आज्ञेने ६० दिवसांपर्यंत वाढवता येते, आणि तुमच्यासारख्यांनी ती पहिल्याच दिवशी वाढवावी, कारण महिन्यातून एकदाच उघडणाऱ्या कामातली अडचण १० दिवसांत समोर येतेच असं नाही. या काळात डिस्क क्लीनअप चालवू नका. परत फिरलात तर दरम्यान टाकलेले नवे प्रोग्राम जातील, फाइल सहसा राहतील. तरी परतण्याआधी नव्या कामाची कॉपी घ्याच.

ज्यांचं विंडोज ३२-बिटचं आहे त्यांना हा रस्ता बंद आहे. विंडोज ११ फक्त ६४-बिट येतं, त्यामुळे तिथे नव्याने टाकणं अटळ आहे. पतसंस्थांमध्ये आणि दुकानांत अजून चालणारे फॉक्सप्रोचे काही डॉस प्रोग्राम (विंडोजआधीच्या काळातले) ६४-बिटवर थेट चालतच नाहीत. त्यांच्यासाठी डॉसबॉक्ससारखा (नव्या विंडोजवर डॉसचा आभास उभा करणाऱ्या प्रोग्रामचा) मार्ग आधी दुसऱ्या मशीनवर चालवून बघा आणि मगच चालू मशीनला हात लावा.

ज्यांचा प्रोसेसर यादीतच नाही, त्यांना तपासणी चुकवून विंडोज ११ टाकण्याच्या युक्त्या सांगणारे भेटतील. ज्या मशीनवर पोट चालतं तिथे मी त्या वापरत नाही, कारण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. विंडोज १० च्या २२एच२ आवृत्तीला घरगुती वापरकर्त्यांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट घेता येतात. विंडोज बॅकअपने सेटिंग्ज मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी जोडल्या तर ते फुकट मिळतात, नाहीतर पैसे भरून. तेवढ्या वेळात ईमेल, बँक आणि जीएसटीसाठी एक साधं नवं मशीन घ्या, आणि जुन्याची नेटची वायर काढून ते फक्त जुन्या फाँटच्या कामासाठी ठेवा. दोन मशीनमध्ये फाइल न्यायला एकच पेनड्राइव्ह वेगळा राखा आणि तो दर वेळी नव्या मशीनवर स्कॅन करूनच जुन्याला लावा.